डांबरी रस्त्यावर त्याच जागी पुन्हा भेग? मिश्रण बदलण्याआधी हे तपासा

नवा थर टाकला, वर्षभर रस्ता छान दिसला, आणि मग येरे माझ्या मागल्या: त्याच जागी, त्याच वळणाची भेग. भेगाळलेले रस्ते दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे पहिला प्रश्न काय येणार ते ठरलेलं असतं. "डांबरात काय घातलं म्हणजे भेगा थांबतील?" पॉलिमर घालू का, टायरचं रबर घालू का, तंतू घालू का. यावर मी उलट विचारतो, भेग वरून खाली गेली आहे की खालून वर आली आहे? हे माहीत नसेल तर महागातलं महाग डांबर आणूनही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

भेगांना जास्त दाद न देणारं मिश्रण बनवता येतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहेच. पण ते औषध नेमक्या दोन-तीन दुखण्यांवरच चालतं. बाकीच्या भेगा पाण्याच्या, पायाच्या किंवा कमी पडलेल्या दबाईच्या असतात. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा: फुकटातल्या आधी, यंत्र आणि प्रयोगशाळा लागणाऱ्या नंतर. हे सगळं डांबरी रस्त्यापुरतं आहे. काँक्रीटच्या भेगांचं गणित वेगळं असतं, तिथे हे आडाखे लावू नका.

लक्षणं: भेग दिसते कशी आणि कुठे

जाळीदार भेगा, फक्त चाकोरीत. सुरुवातीला चाकं जातात त्या पट्ट्यात एक-दोन बारीक लांब रेघा दिसतात. मग त्यांना आडव्या रेघा जोडल्या जातात आणि मगरीच्या पाठीसारखे तुकडे पडतात. हा थकवा आहे. प्रत्येक जड चाकाखाली थर किंचित वाकतो, त्याच्या तळाशी ताण येतो आणि लाखो वेळा वाकल्यावर तळ तुटतो. पावसानंतर अशा भेगांभोवती मातकट पाण्याचे डाग राहत असतील तर लक्षण जास्त गंभीर आहे: चाकाच्या दाबाने पायातली बारीक माती पाण्याबरोबर वर फेकली जाते आहे.

चौकटी. साधारण एक फूट ते दहा फूट बाजू असलेले चौकोन, आणि तेही सगळ्या रुंदीभर, अगदी गाड्या कधी जात नाहीत त्या कडेलाही. चाक न लागता पडलेली भेग म्हणजे वजनाचा दोष नाही. डांबर म्हातारं होऊन कडक झालं आहे.

आडव्या भेगा, बऱ्यापैकी सारख्या अंतरावर. थंडीत रुंद होतात, उन्हाळ्यात मिटतात. कारण दोनपैकी एक असतं. एक, थंडीत आकसताना वरच्या थराला ताण सोसला नाही. दोन, खालच्या सिमेंट मिसळलेल्या थराची किंवा जुन्या काँक्रीटच्या सांध्याची भेग वर उमटली.

एकच सरळ लांब भेग. पेव्हरच्या (माल पसरणाऱ्या यंत्राच्या) दोन पट्ट्यांच्या सांध्यावर असेल तर सांध्याची दबाई कमी पडली. जुना रस्ता आणि रुंदीकरण यांच्या सीमेवर असेल तर एक बाजू खचते आहे. रस्त्याच्या कडेपासून दोन फुटांच्या आत असेल तर साइडपट्टीचा आधार गेला आहे किंवा तिथे पाणी मुरतं आहे. पाइप किंवा केबलच्या जुन्या चरावर असेल तर चर नीट भरलेला नव्हता.

चंद्रकोर. ब्रेक लागतात किंवा गाड्या वळतात तिथे अर्धवर्तुळाकार फाटलेला थर. वरचा थर खालच्याला चिकटलेलाच नाही, तो सरकतो आहे. याचा संबंध टॅक कोटशी, म्हणजे दोन थर चिकटावेत म्हणून मधे मारतात त्या पातळ डांबराच्या हाताशी असतो, मिश्रणाशी क्वचितच.

ठराविक अंतराने येणारे खरबरीत, भेगाळलेले डाग. हे लक्षण फार जण पाहत नाहीत. डागांमधलं अंतर मोजा. ते एका ट्रकच्या मालात जेवढी लांबी होते तेवढंच भरलं, तर ट्रकच्या टोकाचा थंड झालेला किंवा जाड खडी वेगळी झालेला माल तिथे पडला आहे. तिथे दबाई बसत नाही, पाणी शिरतं आणि बाकीचा रस्ता ठणठणीत असताना तेवढाच भाग फुटतो.

एकाच रस्त्यावर यातली तीन-चार लक्षणं एकत्र दिसू शकतात. घाबरू नका, पण एकाच कारणावर सगळं खापरही फोडू नका.

पहिली तपासणी: खडू, टेप आणि पाऊस ओसरल्यानंतरचा एक तास

पाऊस थांबून रस्ता वाळू लागला की चालायला जा. पृष्ठभाग आधी वाळतो, भेगा ओल्या आणि काळ्या राहतात, त्यामुळे एरवी डोळ्याला न दिसणाऱ्या रेघाही स्पष्ट उठून दिसतात. साखळी अंतर (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) टाकत कागदावर नकाशा काढा: कोणती भेग चाकोरीत, कोणती चाकोरीबाहेर, कुठे चर, कुठे सांधा, कुठे मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट). जागेवर भेगांच्या टोकांना खडूने खुणा करून तारीख लिहा आणि फोटो काढा. पुढच्या खेपेला भेग त्या खुणेपलीकडे किती गेली ते लगेच कळतं.

एवढ्या साध्या गोष्टीला मी पहिलं स्थान देतो, कारण बहुतेक निदान इथेच होतं. भेगा चाकोरीतच असतील तर वजन आणि थरांची ताकद तपासायची. चाकोरीबाहेरही तितक्याच असतील तर डांबराचं वय आणि तापमान. नकाशावर त्या एखाद्या चराच्या किंवा मोरीच्या रेषेत बसल्या तर वरच्या थरावर खर्च करण्यात अर्थ नाही. या टप्प्यावर चालत्या रहदारीत उतरू नका. एक माणूस नुसता गाड्यांकडे पाहायला हवा.

दुसरी तपासणी: पाणी कुठे जातं आणि कुठे अडतं

हे भर पावसात उभं राहून पाहायचं असतं. रस्त्याचा आडवा उतार पुरेसा आहे का? डांबरी पृष्ठभागाला साधारण २ ते २.५ टक्के उतार लागतो, म्हणजे मीटरमागे २० ते २५ मिलिमीटर. सरळ पट्टी आणि पाणसळ ठेवली की कळतं. साइडपट्टी गवत आणि माती साचून रस्त्यापेक्षा उंच झाली आहे का? मग पाणी गटारात न जाता काठावर तुंबतं आणि भेगेतून पायात उतरतं. गटाराचा तळ पायाच्या थराच्या खाली आहे का, की गटारच पायाला पाणी पाजतं आहे?

खडी-मुरमाचा पाया कोरडा असताना जेवढं वजन पेलतो तेवढं तो पाण्याने भरल्यावर पेलत नाही. पाया मऊ झाला की वरचा डांबरी थर जास्त वाकतो, आणि थकवा वाकण्यावर अवलंबून असल्यामुळे आयुष्य झपाट्याने घटतं. भेगेतून पाणी, पाण्याने मऊ पाया, मऊ पायामुळे नवी भेग, असं हे चक्र फिरत राहतं. साइडपट्टी छाटणं आणि गटार मोकळं करणं ही कामं कुणाच्या फोटोत येत नाहीत, पण काठाच्या भेगा तेवढ्यानेच थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

काठाच्या लांब भेगा कोरड्या ऋतूत उघडत असतील तर जमिनीकडे पाहा. फुगणारी-आकसणारी चिकणमाती सुकली की काठाकडून आकसते आणि रस्त्याला ओढते. मोठी झाडं जवळ असतील तर हे आणखी वाढतं. डांबरात काहीही घातलं तरी मातीची ही ओढ थांबत नाही.

तिसरी तपासणी: आधी भरलेल्या भेगा पुन्हा का उघडल्या

भेग आधी भरली असेल आणि तरी उघडली असेल तर भरलेलं साहित्य खिळ्याने उपसून पाहा. एका बाजूला चिकटून दुसऱ्या बाजूने सुटलं असेल तर भेगेच्या भिंती धुळीने माखलेल्या किंवा ओल्या होत्या. मधूनच फाटलं असेल तर साहित्यात लवचीकपणा नव्हता. साधं डांबर ओतलं की हेच होतं: उन्हाळ्यात वाहतं, थंडीत तडकतं. सिमेंटचं पाणी ओतणं तर त्याहून वाईट, कारण हलणाऱ्या भेगेत ताठ पदार्थ एक हंगामही टिकत नाही.

भरण्याचे साधे नियम असे. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक भेगेत गरम सीलंट (भेग बुजवायचा लवचीक पदार्थ) उतरतच नाही. तिला एकेकटी भरत बसू नका, अशा भेगा जास्त असतील तर पूर्ण पृष्ठभागावर पातळ इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) हात द्या. ३ ते २० मिलिमीटरपर्यंत रबर किंवा पॉलिमर मिसळलेलं गरम सीलंट. त्याहून रुंद असेल तर बारीक खडी मिसळलेलं मॅस्टिक किंवा कापून पॅच. काम थंड पण कोरड्या दिवसांत करा. तेव्हा भेग मध्यम उघडी असते, त्यामुळे पुढे ती मिटली तरी साहित्य फार बाहेर येत नाही आणि उघडली तरी फार ताणलं जात नाही. दाबाच्या हवेने धूळ उडवा, ओल असेल तर गरम हवेचा झोत द्या, आणि सीलंट उत्पादकाने दिलेल्या तापमानापेक्षा जास्त तापवू नका. जास्त तापवलेल्या सीलंटमधला पॉलिमर मोडतो आणि लवचीकपणा किटलीतच संपतो.

जाळीदार भेगा मात्र भरू नका. ते पालथ्या घड्यावर पाणी आहे. तिथे थर तळापासून तुटलेला असतो. वरून काळी नक्षी काढून ताकद परत येत नाही.

गरम साहित्याबद्दल एक इशारा. गरम डांबराच्या पिंपात थोडं जरी पाणी गेलं तरी ते फेसाळून बाहेर उसळतं. अंगावर उडालं तर भाजलेली जागा लगेच भरपूर गार पाण्याखाली धरा. चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, ते दवाखान्यात काढू द्या.

चौथी तपासणी: कागद आणि वाहनं

आता कामाच्या नोंदी मागा. प्लांटमधून माल निघतानाचं तापमान, पसरतानाचं तापमान, शेवटच्या रोलिंगच्या वेळचं तापमान, हवा आणि वारा, डांबराचं प्रमाण, घनतेचे निकाल, जुना खरवडलेला माल किती टक्के मिसळला होता. नोंदींत रोज सगळे आकडे अगदी सारखे असतील तर त्या नोंदी जागेवर घेतलेल्या नाहीत असं समजून पुढे चला.

रहदारी बदलली आहे का, हेही विचारा. जवळ खाण, गोदाम किंवा मोठं बांधकाम सुरू झालं असेल तर रस्ता ज्या वजनासाठी आखला होता ते वजनच राहिलेलं नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून चौथ्या घाताचा नियम पुढे आला. आसावरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण सोळा पट. नुसतं २० टक्के जास्त वजन भरलं तरी नुकसान दुप्पट होतं. छोट्या गाड्यांची गर्दी कितीही असो, थकव्याच्या हिशेबात ती जवळजवळ मोजली जात नाही. मोजायचे ते जड आस.

पाचवी तपासणी: भेगेवरच कोअर घ्या

इथून पुढे खर्च आणि यंत्र आलं, पण सगळ्या तपासण्यांपैकी एकच निवडायची वेळ आली तर मी हीच निवडेन. १०० किंवा १५० मिलिमीटर व्यासाचा कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला थरांचा गोल नमुना, काढायचा, आणि तो भेगेच्या शेजारी नाही तर बरोबर भेगेवर, भेग मधोमध येईल असा. त्याच्या जोडीला मीटरभर अंतरावर भेग नसलेल्या जागी दुसरा. बरेच लोक फक्त चांगल्या जागेचा कोअर काढतात, कारण भेगेवरचा तुटून येतो. तुटू द्या. तो कसा तुटतो यातच उत्तर असतं. ड्रिल लावण्याआधी जमिनीखालच्या वीज, गॅस आणि पाण्याच्या लाइन कुठे आहेत याची खात्री मात्र करून घ्या.

कोअर धुऊन बाजूने पाहा. भेग तळाशी रुंद आणि वर बारीक असेल तर ती खालून आलेली आहे: थकवा, किंवा खालच्या थराची उमटलेली भेग. वर रुंद आणि काही सेंटिमीटर खाली जाऊन संपलेली असेल तर ती वरून सुरू झाली आहे: टायरच्या कडेचा ताण आणि पृष्ठभागाचं कडक झालेलं डांबर. या दोन भेगा वरून पाहिल्या तर जुळ्या दिसतात, पण इलाज विरुद्ध असतात. वरून सुरू झालेली असेल तर वरचा तेवढा थर खरवडून नवा टाकला की काम झालं. खालून आलेली असेल तर वर कितीही चांगला थर टाका, भेग त्यातून चढत येणार. जुना ठोकताळा सांगतो की उमटणारी भेग वर्षाला साधारण २५ मिलिमीटर चढते. ४० मिलिमीटरचा थर टाकून किती काळ शांतता मिळेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

थर एकमेकांपासून सहज सुटत असतील तर टॅक कोट चुकला आहे: एक तर कमी मारला, किंवा धुळीवर मारला, किंवा इमल्शन तपकिरीचं काळं होण्याआधीच वर माल पसरला. याचं महत्त्व लोकांना कळत नाही. चिकटलेले दोन थर एकच जाड थर म्हणून वाकतात. सुटे असतील तर दोन पातळ थर वेगवेगळे वाकतात आणि प्रत्येकाच्या तळाशी ताण येतो. कागदावर १०० मिलिमीटर जाडी असते, रस्त्याला ती मिळत नाही.

कोअरचा तळ भुसभुशीत असेल आणि खडी धुतल्यासारखी उघडी दिसत असेल तर पाण्याने डांबर खडीवरून सोलून काढलं आहे. भोकात बॅटरी मारून पाहा. पाणी साचलेलं आहे का, पायाची खडी मातीत बुडाली आहे का? शेवटी जाडी मोजा. आराखड्यातली जाडी जागेवर भरतेच असं नाही. भोक नंतर थराथराने ठोकून भरा, नाहीतर तिथूनच पुढची भेग निघेल.

सहावी तपासणी: प्रयोगशाळेतले आकडे

पहिला आकडा पोकळीचा, म्हणजे दबाईनंतर मिश्रणात उरलेल्या हवेचा. मिश्रणाचा आराखडा साधारण ४ टक्के हवेवर होतो, आणि काम संपल्यावर जागेवर सुमारे ७ टक्के असते. ८ टक्क्यांच्या वर पोकळ्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागतात. मग पाणी आणि हवा आत फिरते, आणि डांबर आतूनच कडक होतं. ७ टक्क्यांच्या वर प्रत्येक जादा टक्क्यामागे आयुष्य साधारण दहा टक्क्यांनी घटतं, हा ठोकताळा गेली काही दशकं टिकून आहे. सांध्यावर ही पोकळी आणखी जास्त असते, म्हणून सांध्याचा कोअर वेगळा घ्या.

पोकळी जास्त निघाली तर कारण बहुधा दोनांतलं एक. माल थंड झाल्यावर रोलर फिरला. सुमारे ८० अंशांच्या खाली साध्या डांबराचं मिश्रण फारसं दबत नाही, आणि वारा असेल तर पातळ थर तिथे काही मिनिटांत पोचतो. नाहीतर खडीच्या मानाने थर पातळ होता. थराची जाडी खडीच्या कमाल मापाच्या किमान तिप्पट हवी, मिश्रण भरड असेल तर चौपट. १९ मिलिमीटरची खडी घेऊन ४० मिलिमीटरचा थर टाकला तर रोलर खडीवर खडी फोडत बसतो, घनता येत नाही.

दुसरा आकडा डांबराचा. एकूण प्रमाण बरोबर असूनही भेगा पडतात, कारण सच्छिद्र खडी त्यातलं काही पिऊन टाकते. वेष्टन करायला उरतं ते प्रभावी डांबर मोजा. भुकटीचं (खडीतल्या अगदी बारीक पुडीचं) आणि प्रभावी डांबराचं प्रमाण साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान हवं. भुकटी जास्त झाली की मिश्रण सुकं आणि ताठ होतं.

तिसरा आकडा डांबराच्या वयाचा. मिश्रणातून डांबर वेगळं करून त्याचा कडकपणा मूळ मालाशी ताडून पाहतात. रस्ता कोवळा आणि डांबर म्हातारं असेल तर ते प्लांटमध्येच जळालं, किंवा जुना खरवडलेला माल जास्त पडला. हल्ली डेल्टा टीसी नावाचा आकडाही पाहतात. थंडीत डांबर किती ताठ होतं आणि ताण किती सोडू शकतं, या दोन मर्यादांच्या तापमानातला तो फरक. तो उणे ५ च्या खाली गेला असेल तर चौकटीच्या भेगांचं कारण हाती लागलं असं समजा.

आता मिश्रण: काय बदलावं, कोणत्या क्रमाने

इथपर्यंत येऊन दोष मिश्रणात आहे असं ठरलं, तरी पहिला बदल दबाईत करा. नवं काही विकत आणावं लागत नाही, आणि पोकळी ९ वरून ६-७ टक्क्यांवर आणल्यावर जो फरक पडतो तो बऱ्याच मिश्रकांनी पडत नाही.

मग डांबराचं प्रमाण. ०.२ ते ०.३ टक्क्यांची वाढ किरकोळ दिसते, पण खडीभोवतीचा थर जाड झाला की थकवा आणि वय दोन्हींशी झुंजायला बळ मिळतं. मात्र अंदाजाने वाढवू नका. डांबर जास्त झालं की उन्हाळ्यात चाकोऱ्या खचतात. म्हणूनच आता मिश्रण दोन्ही बाजूंनी तपासून ठरवतात: हॅम्बुर्ग चाकचाचणीत खचू नये आणि भेगचाचणीत फुटू नये. भेगचाचण्यांमध्ये आयडियल-सीटी सर्वांत सोपी. एएसटीएम या मानक संस्थेच्या डी ८२२५ प्रमाणे, २५ अंशांना, मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाने गोल नमुना दाबायचा. नमुना कापायला किंवा खाच पाडायला लागत नाही. इलिनॉयची आय-फिट चाचणी खाच पाडलेल्या अर्धगोल नमुन्यावर होते आणि तिथे लवचीकतेचा निर्देशांक ८ किंवा जास्त मागतात. या चाचण्या नुसतं बळ मोजत नाहीत. शिखर गाठल्यावर भार किती हळू उतरतो तेही पाहतात, कारण ताठ मिश्रण जास्त भार घेऊन एकदम फुटतं आणि चिवट मिश्रण भेग पडल्यावरही धरून ठेवतं. नुसता फोडण्याचा भार जास्त आला म्हणून खूश होणाऱ्यांनी आलेखाची उतरती बाजू पाहावी.

जुना माल वापरत असाल तर साधारण १५ टक्क्यांपर्यंत डांबराची प्रत बदलावी लागत नाही. १५ ते २५ मध्ये एक पायरी मऊ डांबर घ्यावं. त्यापुढे मोजमाप करून मिसळण्याचं प्रमाण ठरवावं लागतं, तिथे अंगठ्याचा हिशेब चालत नाही.

थंडीच्या आडव्या भेगांवर खरा इलाज डांबराच्या प्रतीत आहे. १९८७ ते १९९३ मधल्या अमेरिकी संशोधन कार्यक्रमातून आलेल्या पीजी (परफॉर्मन्स ग्रेड) या प्रत ठरवण्याच्या पद्धतीत दोन आकडे असतात. पीजी ६४-२२ मधला पहिला उष्णतेचा आणि दुसरा उणे थंडीचा. आडव्या भेगांसाठी दुसरा आकडा पाहायचा. लोक मात्र पहिला वाढवून "मजबूत" डांबर आणतात आणि मग थंडीत बोंब होते.

पॉलिमर आणि रबर यानंतर. एसबीएससारखा पॉलिमर ३ ते ४ टक्के घातला की डांबर ताणून पुन्हा जागेवर येतं, त्यामुळे वरून सुरू होणाऱ्या भेगा आणि थकवा यांवर तो चांगला चालतो. पण पॉलिमरचं डांबर घट्ट असतं, दबाईसाठी तापमान जास्त लागतं. ते न सांभाळता टाकलेला पॉलिमरचा थर साध्या डांबरापेक्षा लवकर फुटतो. टायरचं रबर चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात फीनिक्स शहरात भेगाळलेल्या रस्त्यांसाठीच वापरायला सुरुवात केली. उमटणाऱ्या भेगांवर जुन्या आणि नव्या थराच्या मधे रबरी डांबराचा लवचीक पडदा देतात तो त्याच वाटेने आला. हा पडदा किंवा काचतंतूंची जाळी भेगेला उशीर करते, थांबवत नाही. सिमेंट मिसळलेला पाया नवा करत असाल तर त्याहून स्वस्त युक्ती आहे: एक ते तीन दिवसांनी त्यावर कंपन रोलर फिरवून मुद्दाम केसाएवढ्या असंख्य भेगा पाडायच्या, म्हणजे मोजक्या रुंद भेगा पडून वर उमटत नाहीत.

जाडीची एक मेख लक्षात ठेवा. ५० मिलिमीटरच्या आसपासचा पातळ थर पाया वाकतो तसा वाकतो, त्याला मऊ, वाकणारं मिश्रण लागतं. १५० मिलिमीटरच्या जाड थरात उलट ताठ मिश्रण चांगलं, कारण तो स्वतःच वाकणं कमी करतो. पातळ थरासाठी "ताठ म्हणजे टिकाऊ" समजून कडक डांबर घेणं हे मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं भेगांचं कारण आहे.

कुठे थांबायचं

भरावाच्या काठाला समांतर, कमानीसारखी वळलेली भेग दिसली आणि तिची एक बाजू खाली बसलेली असेल, तर ती रस्त्याची भेग नाही. उतार सरकायला लागला आहे. त्याच दिवशी भू-तंत्र अभियंत्याला बोलवा, जड वाहनं थांबवा, भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती झाका. भरत बसू नका.

पुलाच्या पृष्ठभागावर किंवा पुलाला लागून भेगा असतील तर हात लावू नका, तिथे सांधे आणि जलरोधक थर असतात. ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, किंवा भेगेजवळ कोरड्या दिवसांतही ओल असेल, तर खाली पाइप फुटून माती वाहून जात असण्याची शक्यता आहे. तो भाग अडवून पाइपलाइन सांभाळणाऱ्यांना कळवा.

चाकोरीतून मातकट पाणी वर येत असेल, किंवा जाळीदार भेगा तुकड्यातुकड्यांऐवजी लांबवर पसरल्या असतील, तर घरगुती निदान इथे संपलं. फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरने (वजन टाकून रस्ता किती दबतो ते मोजणाऱ्या यंत्राने) थरांची ताकद मोजून, पायाची माती तपासून, किती खोल खणायचं हे रस्ता-अभियंत्याने ठरवायला हवं. तोवर नव्या थराची निविदा काढू नका.

त्याला बोलवाल तेव्हा तारखेसह भेगांचा नकाशा, पावसातले फोटो, कामाच्या मूळ नोंदी आणि भेगेवरचे कोअर साखळी क्रमांक लिहून तयार ठेवा. कोअर उन्हात किंवा गाडीच्या मागच्या बाजूला लोळत ठेवू नका. सपाट फळीवर, आडवे, सावलीत. तापलेला कोअर दबून वाकतो, आणि मग भेग वर रुंद होती की खाली, हेच सांगता येत नाही.